अभंगात भाव शिकवायचा कसा

"जरा भाव ओतून म्हण." भजनाच्या तालमीत हे वाक्य कानावर पडलं की चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा तीनपैकी एक गोष्ट करतो. आवाज चढवतो, डोळे मिटतो, नाहीतर मोबाइलवर ऐकलेली एखादी हरकत, म्हणजे सुरांची छोटी नक्षी, मध्येच घुसवतो. यात त्याची चूक नाही. नेमकं काय करायचं ते त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. ऐकणाऱ्याला जो भाव जाणवतो तो अगदी बारीक गोष्टींतून येतो. श्वास कुठे घेतला, कुठलं अक्षर धरलं, कुठलं हलकेच सोडलं, सुरावर वरून उतरलो की खालून चढलो, शब्द ठेक्याच्या किती मागे ठेवला. यातली प्रत्येक गोष्ट ऐकवता येते, दाखवता येते, दुरुस्त करता येते. म्हणजेच शिकवताही येते.

हे टिपण कोकणातल्या भजनी मंडळांत नव्या मुलामुलींना तयार करणारे बुवा, पेटीवादक आणि शाळांमधले संगीतशिक्षक यांच्यासाठी आहे. भाताची लावणी आटपून श्रावण लागला की देवळात, नाहीतर वाडीतल्या कुणाच्या तरी पडवीत तालमी सुरू होतात. गणपतीपर्यंत हातात चार-पाच आठवडे मिळतात. तेवढे पुरतात, पण एका अटीवर. "आधी चाल बसू दे, भावाचं मग बघू" ही पद्धत सोडावी लागते. चाल बसते तेव्हा तिच्यासोबत चुकीच्या जागचे श्वास, ठोकलेली अक्षरं आणि सपाट सूरही बसतात. बसलेलं उठवायला नवं शिकवण्यापेक्षा जास्त वेळ जातो. म्हणून पहिल्या संध्याकाळपासून दोन्ही बरोबर चालू द्या.

पेटी उघडण्याआधी

पहिले दोन दिवस पेटी बंद ठेवा. मुलांना रोजच्या बोलण्यातलं एक वाक्य द्या: "खंय गेल्लंस रे?" (कुठे गेला होतास रे?) ते चार प्रसंगांत म्हणायला लावा. तिन्हीसांज झाली, पाऊस धरलाय आणि धाकटा भाऊ अजून परतला नाही. मीठ आणायला पाठवलेला पोरगा दोन तासांनी हात हलवत आला. लपाछपी चालली आहे. आणि चौथा, गणपती करून मुंबईला परत गेलेल्या मुलाची खोली आई झाडते आहे. म्हणणाऱ्याकडे बाकीच्यांनी पाठ करून बसायचं आणि प्रसंग ओळखायचा.

ओळखलं की तिथेच थांबू नका. कशावरून ओळखलं ते विचारा. रागात "खंय" वर जोर येतो आणि वाक्य तुटक होतं. काळजीत शेवटचा "रे" लांबतो आणि वर चढतो. गमतीत आवाज नाचरा होतो. आईच्या वाक्यात सगळंच खाली येतं, "खंय" नंतर क्षणभर काहीच ऐकू येत नाही आणि "रे" जवळजवळ श्वासातच विरतो. मुलांना हे सांगता आलं की त्यांच्या हाती चार दोऱ्या लागल्या: उंची, वेग, जोर आणि थांबा. गाण्यात भावासाठी याच दोऱ्या ओढायच्या असतात. मुलं त्या घरात रोज ओढतात, फक्त सुरात आल्यावर विसरतात.

मग अभंगाकडे वळा. भजनाच्या सुरुवातीला रूपाचा, म्हणजे देवाच्या रूपाचं वर्णन करणारा, अभंग येतो, त्यामुळे शिकवायला तोच घ्यावा. 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया' हा तुकोबांचा अभंग बहुतेक मुलांना पाठ असतो. अर्थ विचारला तर "विठ्ठलाचे सुंदर रूप विटेवर उभे आहे" असं पाठ्यपुस्तकी उत्तर येतं. ते घेऊ नका. त्याऐवजी सांगा: तू गाभाऱ्यासमोर उभा आहेस, शेजारी डोळ्यांनी न दिसणारी आजी आहे, समोर काय आहे ते तिला तुझ्या घरच्या बोलीत सांग. इथे मुलाचा आवाज आपोआप बदलतो. तो घाई करत नाही, एकेक गोष्ट दाखवत जातो आणि ती आजीपर्यंत पोचली की नाही याची वाट बघतो. हा वेग आणि ही वाट बघणं पुढे गाताना जपायचं आहे, म्हणून मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा.

बोलीबद्दल एक खबरदारी. अर्थ बोलीतून घ्यावा, पण अभंगाचे शब्द जसे आहेत तसेच उमटले पाहिजेत. उत्तर कोकणात आगरी बोलणाऱ्या मुलांच्या तोंडी 'ळ' चा 'ल' होतो, 'ण' चा 'न' होतो. याच अभंगातल्या 'तुळसीहार गळा' मध्ये दोन 'ळ' आहेत. तेवढे शब्द सुटे काढून, जीभ मागे वळवून, रोज दहा वेळा सावकाश म्हणून घ्या. मालवणीत स्वर नाकातून येतात, त्याने लांब धरलेला 'आ' मिटल्यासारखा ऐकू येतो. नाक चिमटीत धरून 'आ' म्हणायला लावा. आवाज बदलला नाही तर स्वर मोकळा आहे. मात्र हे सगळं मुलाला न हिणवता करा. बोलीवरून हसू झालेलं मूल पुढे तोंड उघडून गात नाही.

सहा, सहा, सहा, चार

'मोठा अभंग' या छंदाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं असतात, चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. 'विटेवरी' आणि 'कटावरी' बोटांवर मोजून दाखवा. मोजलं की मुलांच्या लक्षात येतं, चौथा चरण मुद्दाम तोकडा आहे. तीन पावलं सारखी टाकून चौथ्याला थांबल्यासारखं होतं. 'ठेवोनिया' ला चारच अक्षरं असल्यामुळे चालीत तिथे जागा उरते, आणि ती जागा ताना-मुरक्यांनी भरायची घाई बहुतेकांना असते. पहिल्या वेळी ती मोकळी सोडून बघा. शेवटचा 'या' सुरात लावा, हळूहळू कमी करा, पुढच्या समेपर्यंत, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेपर्यंत, फक्त ठेका ऐकू द्या. ओळीचा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात उतरायला तेवढा वेळ लागतो.

आता श्वास. छंदाप्रमाणे प्रत्येक चरणानंतर थांबता येतं, पण अर्थाप्रमाणे 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी' हे एक वाक्य आहे. 'ध्यान' नंतर मोठा श्वास घेतला तर 'उभे विटेवरी' लोंबकळत राहतं. म्हणून मोठा श्वास 'विटेवरी' नंतर घ्या आणि 'ध्यान' नंतर फार तर सूर हलका करा. दम पुरत नसेल तर कारण बहुतेक वेळा आवाजाचा जोर असतं, छातीची ताकद कमी पडते असं क्वचितच होतं. मुलगा पहिल्या दोन अक्षरांत निम्मी हवा उधळतो आणि मग 'उभे वि' वर श्वास घेऊन 'टेवरी' म्हणतो. ही कोकणातच काय, कुठेही सर्वांत जास्त ऐकू येणारी चूक आहे, आणि भाव मरतो तो इथेच. मधोमध तुटलेला शब्द ऐकणाऱ्याला अर्थापासून तोडतो. पाऊण आवाजात तीच ओळ म्हणायला लावा. दम पुरला तर कारण सापडलं.

मग अक्षर धरण्याचा अभ्यास. एकच ओळ तीनदा म्हणायची. पहिल्यांदा वजन 'सुंदर' वर, दुसऱ्यांदा 'ते' वर, तिसऱ्यांदा 'उभे' वर. चाल तीच, सूर तेच. 'सुंदर' वर वजन दिलं की कौतुक ऐकू येतं. 'ते' वर दिलं की ओळख ऐकू येते, तेच रूप, ज्याची वाट बघत होतो. 'उभे' वर दिलं की देव तिष्ठत असल्याचं जाणवतं. तिन्ही बरोबर आहेत. मुलाला यातलं एक निवडू द्या आणि का निवडलं ते विचारा. उत्तर चार शब्दांचं असलं तरी चालेल, पण असायला हवं. निवड त्याची असली की पुढच्या तालमीत ती टिकते. तुमची असली की तुम्ही खोलीत असेपर्यंतच टिकते.

वजन म्हणजे मोठ्याने म्हणणं, असा समज मुलं लगेच करून घेतात. वजन तीन प्रकारे देता येतं: अक्षर किंचित लांबवून, त्याच्याआधी किंचित थांबून, किंवा त्याच्याआधीची अक्षरं हलकी करून. तिसरा प्रकार सर्वांत सुंदर आहे आणि सर्वांत कमी शिकवला जातो.

लांबवायचं ते नेहमी स्वराला, व्यंजनाला नाही. 'ध्यान' मधला 'आ' धरायचा आणि 'न' अगदी शेवटी, जिभेच्या टोकाने लावायचा. 'न' वर जीभ टेकून बसलं की सूर गुदमरतो.

सुरावर कुठून येता

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. आठवड्यातल्या तीन तालमी असतील तर त्यातली एक पूर्ण याच कामाची.

उदाहरणासाठी भीमपलास घ्या. यात गंधार आणि निषाद कोमल. आरोहात रिषभ आणि धैवत वर्ज्य, अवरोहात सगळे सूर. एक छोटी जागा घ्या: मंद्र (खालच्या सप्तकातला) नि, सा, म, मग ग, रे, सा. 'विटेवरी' हा शब्द त्यात बसवा, म्हणजे 'टे' वर मध्यम येईल आणि 'व' वर गंधार. आता गंधारावर तीन प्रकारे या. एक, सरळ ठोकून, पेटीचा पडदा दाबल्यासारखं. दोन, मध्यमाचा कण घेऊन, म्हणजे मध्यमाला निमिषभर शिवून गंधारावर. तीन, मध्यमापासून गंधारापर्यंत सावकाश मींडेने घसरत. मुलांना आधी फक्त ऐकवा आणि एक, दोन, तीन अशी बोटं वर करायला लावा. सगळ्यांची बोटं बरोबर येईपर्यंत गायला सांगू नका. कानाला फरक कळला नाही तर गळा तो काढू शकत नाही. इथे घाई केली की पुढचे सगळे आठवडे नक्कल करण्यात जातात.

भीमपलासात गंधार मध्यमाच्या कणाने आणि निषाद षड्जाच्या कणाने लावायची रीत आहे. त्याशिवाय सूर बरोबर असूनही राग कोरडा वाटतो. मुलांना ही गोष्ट सांगा, कारण त्यातून कळतं की कण ही वरची सजावट नाही, रागाचं बोलणंच तसं आहे.

मींड शिकवताना हात वापरा. मुलाने हवेत बोटाने मध्यमाची जागा दाखवायची आणि आवाजासोबत बोट खाली आणायचं. बोट झटक्यात पडलं तर आवाजही पडतो. बोट सावकाश, एकसारखं उतरलं की आवाजही तसाच उतरतो. नेहमीची चूक अशी: मुलं मध्यमावर नीट थांबतच नाहीत, निघतानाच घसरतात. मग ऐकणाऱ्याला मींड नाही, बेसूर ऐकू येतो. मध्यमावर एक पूर्ण मात्रा थांबा, मग निघा, आणि गंधारावर पोचल्यावरही एक मात्रा थांबा. दोन्ही टोकं पक्की असली की मधली वाट गोड लागते.

वहीत खुणा करा. भातखंडे पद्धतीत कणसूर मुख्य सुराच्या डोक्यावर लहान अक्षरात लिहितात आणि मींड सुरांवर कमान काढून दाखवतात. त्यात आपल्या खुणा मिळवा: श्वासाला उभी रेघ, धरायच्या अक्षराभोवती गोल, हलक्या अक्षरांना कंस. पेन्सिलीनेच. खुणा बदलत राहिल्या पाहिजेत. पहिल्या दिवशी केलेली खूण शेवटपर्यंत तशीच राहिली तर मुलाने मधल्या काळात ऐकलेलं नाही असं समजा.

पेटीची अडचण आणि पेटीचं बळ

पेटीला सुरांमधली वाट नाही. एका पडद्यावरून दुसऱ्यावर उडीच मारावी लागते. याच कारणावरून आकाशवाणीने १९४० साली पेटीला बंदी घातली होती, ती १९७१ साली सैल झाली. आपल्याकडे पेटीशिवाय भजन उभं राहत नाही, आणि राहायची गरजही नाही. पण मूल प्रत्येक अक्षराला पेटीचा हात धरून गायला लागलं की त्याच्या गळ्यातली मींड जाते. पेटी जशी उड्या मारते तसा तोही मारतो.

उपाय साधा आहे. नवी ओळ बसवताना पेटीवर फक्त षड्ज-पंचम धरा आणि ओळ तंबोऱ्यावर गावी तशी गाऊ द्या. मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप मिळतं, ते उत्तम. ओळ बसली की पेटी दोन ओळींच्या मधल्या जागा भरायला येऊ द्या. गायकाच्या डोक्यावर बसून वाजवणारी पेटी प्रयोगाच्या दिवशी घेतलीच तरी पाऊण आठवडा तालमीत बाजूला ठेवा.

पेटीचं बळ भात्यात आहे. आवाज लहान-मोठा करणं पूर्णपणे हवेच्या दाबावर चालतं, आणि बहुतेक नवे वादक भाता पंप मारल्यासारखा मारतात. त्यामुळे सुराला दर झटक्याला धक्का बसतो. अभ्यास असा: उजव्या हाताने एकच पडदा, मध्यम, दाबून धरा. डाव्या हाताने आठ मात्रांत आवाज शांत ते भरदार आणि पुढच्या आठ मात्रांत परत शांत. पडदा उचलायचा नाही. रोज पाच मिनिटं. दोन आठवड्यांत हात सुधारतो आणि वादकाला ओळीच्या शेवटी सूर विरवता यायला लागतो.

त्याआधी पेटी हवा धरते का ते पाहा. भाता पूर्ण भरा, एकही पडदा न दाबता हात सोडा. भाता झरझर मिटला तर हवा गळते आहे, आणि अशा पेटीवर हळू आवाज टिकत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पडदे अडकतात. पेटी भुईवर ठेवू नका, फळीवर ठेवा. पखवाजाची कातडीही दमट हवेत उतरते. तालीम सुरू करण्याआधी दहा मिनिटं राखून, गठ्ठे ठोकून ती सुरात आणा. उतरलेल्या पखवाजासमोर गायक नकळत जोर लावतो, आणि संध्याकाळ ओरडण्यात जाते.

शब्द मागे, ठेका जागेवर

रूपाचा अभंग आठ मात्रांच्या ठेक्यात, मिनिटाला साठ ते सत्तर मात्रांच्या लयीत बसवा. चौसष्ट ठेवली तर एक आवर्तन साडेसात सेकंदांचं होतं. पाऊण आवाजात मुलाचा एक श्वास तेवढा सहज पुरतो, म्हणून शिकायला ही लय सोयीची.

करुण किंवा शांत ओळ आली की सगळी मंडळी सावकाश होतात. पखवाजवाला गायकाकडे बघून मागे सरतो, गायक त्याच्याकडे बघून आणखी मागे. पाच मिनिटांत अभंग बसकण मारतो. भावासाठी लय सैल करायची नसते, शब्द सैल करायचा असतो. एका मुलाने टाळी द्यायची, दुसऱ्याने ओळ आधी प्रत्येक मात्रेला चिकटून म्हणायची, मग तीच अर्धी मात्रा उशिरा उचलायची आणि 'ठेवोनिया' वर समेला बरोबर पोचायचं. टाळी देणाऱ्याला बजावा, शब्द कितीही रेंगाळले तरी तुझी टाळी हलता कामा नये. मधला भाग ताणला आणि समेला वेळेवर भेटलो की ऐकणाऱ्याला ओढ जाणवते. समच चुकली तर नुसती गडबड जाणवते.

गजरात, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायच्या नामघोषात, उलट करा. लय वाढवायची ती टप्प्याटप्प्याने, प्रत्येक वेळी मिनिटाला चार-पाच मात्रांनी. एकदम दुप्पट केली की झांज आणि कोरस दोन वेगवेगळ्या वाटांनी जातात.

पट्टी

आपल्याकडे भजन उंच पट्टीत म्हणायची सवय आहे, आणि तिच्यात जोश असतो हे खरं. पण उंच पट्टीत मुलाला फक्त मोठ्यानेच गाता येत असेल तर त्याच्या हातातून निम्म्या दोऱ्या गेल्या. पट्टी ठरवायची कसोटी सोपी: अभंगातला सर्वांत वरचा सूर हळू आवाजात, मान न ताणता लागला पाहिजे. लागत नसेल तर अर्धा सूर खाली या आणि पुन्हा बघा. मुलींना आणि लहान मुलांना पेटीची काळी चार किंवा पाच ही पट्टी बऱ्याचदा बसते. बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांचा आवाज फुटत असतो, त्यांची पट्टी दर पंधरा दिवसांनी तपासा. फुटलेल्या आवाजाला जोर लावायला लावू नका. त्या महिन्यात त्याला झांज द्या, कान तयार होऊ द्या.

कोरस, झांज आणि माइक

गायक कितीही जपून गायला तरी कोरसने ती ओळ दुप्पट आवाजात परत फेकली की सगळं वाहून जातं. कोरसला सांगायचं ते एवढंच: बुवाने ओळ जशी ठेवली तशी उचला. हलकी ठेवली तर हलकी. तालमीत बुवाने एकच ओळ तीन वेगवेगळ्या आवाजांत म्हणावी आणि कोरसने ती तशीच परत करावी. श्वासही सगळ्यांनी एकाच जागी घ्यावा. सहा-आठ जणांचा श्वास एकत्र पडला की शब्द एकदम स्पष्ट होतो. झांज पहिल्या दोन कडव्यांना दाबून, कडेला कड लावून वाजवा आणि गजराला उघडी करा. पखवाजवाल्याने हलक्या ओळीला साधा ठेका धरावा. बोलांची आतषबाजी दोन ओळींच्या मध्ये करावी, गायक शब्द टाकत असताना नव्हे.

डबलबारीत, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्यात, समोर दुसरा बुवा असतो, रात्र चढलेली असते आणि माणसं जोश मागत असतात. तिथे हळू गाणं चालत नाही असं म्हणतात. आमचं मत वेगळं आहे. रूपाच्या अभंगाच्या वेळी माणसं अजून ऐकायला तयार असतात. ती वेळ आरोळीत घालवू नका. पुढची झुंज आहेच.

माइक तोंडापासून चार बोटांवर आणि जरासा तिरका धरा, म्हणजे 'प', 'भ', 'फ' चे धपके बसत नाहीत. वरच्या जोरकस सुराला वीतभर मागे न्या. साउंडवाल्याला इको अगदी कमी ठेवायला सांगा. इको मोठा असला की मागच्या अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर पडते, आणि सोडलेली मोकळी जागा मोकळी राहतच नाही.

ओळखण्याचा खेळ आणि सांगण्याची रीत

स्वीडनमधल्या आल्फ गॅब्रिएलसन आणि पॅट्रिक युस्लिन यांनी १९९६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वादक-गायकांना त्याच चाली आनंद, दुःख, राग अशा वेगवेगळ्या भावांनी सादर करायला सांगितल्या आणि ऐकणाऱ्यांनी ते भाव ओळखायचे होते. हाच खेळ पडवीत खेळा. मुलाला चिठ्ठीवर एक भाव द्या: ओढ, कौतुक, लाडिक तक्रार, शांतपणा. बाकीचे भिंतीकडे तोंड करून ऐकतील. भाव ओळखला गेला नाही तर गाणाऱ्याला चेहरा हलवून मदत करता येत नाही, सुरातच काहीतरी बदलावं लागतं. चेहऱ्याचा अभिनय करायची सवय या खेळाने आपोआप सुटते.

नंतर सांगताना एका वेळी एकच गोष्ट सांगा. "छान", "अजून मनापासून" यांनी मुलाला काहीच करता येत नाही. "कटावरी मधला 'टा' हलका घे, पुन्हा म्हण" यावर तो लगेच काम करू शकतो. तुम्ही स्वतः गाऊन दाखवत असाल तर एकच नमुना देऊ नका, दोन-तीन द्या आणि त्यांतला फरक मुलाकडून वदवून घ्या. एकच नमुना दिला तर तो तुमच्या आवाजाची नक्कल करेल, तुमच्या खोकल्यासकट. तालमीच्या शेवटी एक ओळ रेकॉर्ड करा, मोबाइल चार-पाच फुटांवर ठेवून. दुसऱ्या दिवशी ऐकवा. त्याच रात्री ऐकवली तर मुलाला आपण काय केलं हे आठवतं, काय ऐकू येतं ते कळत नाही.

"मला वैराग्य वाटतच नाही, मग कसं गाऊ?" असा प्रश्न एखादं हुशार मूल विचारतं. त्याला सरळ उत्तर द्या. नाट्यशास्त्रापासून चालत आलेली आपली समजूत अशी की रस उमलतो तो ऐकणाऱ्या-पाहणाऱ्याच्या मनात. गाणाऱ्याने स्वतः रडायची गरज नाही. खरंच रडू आलं तर गळा आवळतो, सूर हलतो, शब्द अडतात. गाणाऱ्याला अर्थ कळलेला असावा, तो मनापासून पोचवायची इच्छा असावी आणि गळा मोकळा असावा. वैराग्याचा अभंग पंधराव्या वर्षी द्यायलाच हवा असंही नाही. त्या वयाला गौळण आणि रूपाचा अभंग जास्त शोभतात, कारण खोडी, तक्रार आणि कौतुक या गोष्टी त्यांना रोजच्या माहितीच्या असतात.

तानांबद्दल थोडं. तान घ्यायची ती शब्द संपल्यावर, आणि ज्या शब्दावर घेतली तो तानेनंतर पुन्हा एकदा स्वच्छ म्हणून. पूर्ण अभंगात दोन तयार जागा पुरे. दर ओळीला तान आली की ऐकणारा तानेची वाट बघतो आणि अभंग ऐकायचा सोडून देतो.

शेवटच्या आठवड्यात चाल बदलू नका, नवी हरकत घालू नका. दोन तालमी माइकशिवाय, कोरस आणि झांजेसकट करा. पडवीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला प्रत्येक शब्द कळला का ते विचारा. ज्या शब्दावर तो अडखळेल तेवढ्यावरच काम करा. उभं राहायच्या दिवशी दहा मिनिटं षड्ज लावून घ्या, कोमट पाणी जवळ ठेवा, आणि पहिल्या ओळीला आवाजाचा अर्धाच भाग वापरा. उरलेला गजराला लागणार आहे.